मदत हवी आहे: लंडनचं घड्याळ मागे गेलं आणि माझ्या चार नोंदी बुडाल्या

नमस्कार मंडळी,

मी गुहागरला घरून काम करतो. आमच्या एका गिऱ्हाइकाचं लंडनजवळ गोठवलेल्या कोळंबीचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथला सेन्सर दर १५ मिनिटांनी तापमान पाठवतो, ते मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जातं आणि रोजचा रिपोर्ट निघतो. दिवसाला ९६ नोंदी. कमी भरल्या की रिपोर्टवर लाल पट्टी.

२९ मार्च २०२६ च्या रविवारी पट्टी आली: ९२ नोंदी, ४ गहाळ. आदल्या रात्री आमच्याकडे लाईट गेली होती, म्हणून आधी संशय तिच्यावरच. पण सर्व्हर मुंबईत, त्याला गुहागरच्या लाईटचं काय! मग ट्यूब पेटली. त्या पहाटे उन्हाळी वेळेसाठी ब्रिटनची घड्याळं एकवरून थेट दोनवर गेली. दिवसच २३ तासांचा, ९२ बरोबर.

सहज म्हणून २६ ऑक्टोबर २०२५ चा रिपोर्ट उघडला, घड्याळं दोनवरून मागे पुन्हा एकवर गेली तो दिवस. ९६ नोंदी, पट्टी नाही, सगळं आलबेल. आणि पोटात गोळाच आला. दिवस २५ तासांचा होता, नोंदी १०० हव्या होत्या!

सेन्सर तिथली स्थानिक वेळ पाठवतो, उन्हाळी की हिवाळी वेळ याची काहीच खूण नाही. मी ती डेटटाइम कॉलममध्ये (नुसती तारीख-वेळ, टाइमझोन नाही) जशीच्या तशी ठेवतो. सेन्सर क्रमांक आणि वेळ मिळून युनिक की (म्हणजे ही जोडी टेबलात एकदाच येऊ शकते), आणि तीच नोंद पुन्हा आली तर जुनीवर नवी लिहायची, ही हुशारी माझीच. त्या पहाटे १:०० ते १:४५ दोनदा आले. दुसऱ्या फेरीने पहिली पुसली.

बाबांचा जन्म होडीवर गेला, तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "घड्याळ मागं केलंन म्हणून भरती थांबते होय रे?"

पुसलेलं परत मिळेल का? आणि टेबल कसं बदलू? भारतीय वेळेतून सरसकट साडेपाच तास वजा करून पाहिले, पण उन्हाळ्यात फरक साडेचारच असतो.

प्रतिसाद १

सेन्सरकडून आलेले कच्चे मेसेज कुठे फाइलमध्ये पडतात का? तिथे सर्व्हरची भारतीय वेळ असेल तर सुटलात, आपलं घड्याळ हलत नाही. पहिल्या फेरीचा एक वाजला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ५:३०, दुसरीचा वाजला तेव्हा ६:३०. नोंदी लगेच वेगळ्या होतील.

पुढे साठवण यूटीसीतच (कधीच पुढे-मागे न होणारी जागतिक प्रमाणवेळ) करा, युनिक कीसुद्धा त्यावरच. लंडनची वेळ फक्त रिपोर्ट काढताना, 'युरोप/लंडन' या नावाने. मायएसक्यूएलमध्ये टाइमझोनची टेबलं भरलेली नसतील तर वेळ बदलून देणारं कन्व्हर्ट_टीझेड हे फंक्शन गुपचूप नल (रिकामं उत्तर) देतं, ते आधी बघा. आणि ९६ हा आकडा कोडमधून काढा. लंडनच्या दोन मध्यरात्री यूटीसीत बदलून मधले तास मोजा, गुणिले ४. २६ ऑक्टोबरला २५ ऑक्टोबर २३:०० ते २७ ऑक्टोबर ००:०० येईल.

प्रतिसाद २

तासवार तक्ता असेल तर गटही यूटीसीच्या तासावर पाडा. नाहीतर दोन्ही 'एक वाजता' एकाच रकान्यात मिसळतील आणि सरासरी बघून कळणारही नाही.

धागाकर्ता

भाऊ, फाइल सापडली! चारही नोंदी ५:३० ते ६:१५ मध्ये आहेत. पण त्यातली एक उणे १३ आहे, मर्यादा उणे १८ ची. म्हणजे त्या वेळी तापमान चढलं होतं आणि आम्ही गिऱ्हाइकाला 'सर्व ठीक' असा रिपोर्ट पाठवला. आता दुरुस्त रिपोर्टसोबत मेलमध्ये काय लिहू, तेवढं कोणी सुचवा.