स्पॅनिशमधील संकेतार्थ आणि 'जर'चे उपवाक्य

प्रश्न : वडोदऱ्यात आम्ही काही मराठी मंडळी स्पॅनिश शिकत आहोत. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे) यांची संकेतार्थी ('बोललो असतो' या धाटणीची) रूपे पाठ झाली आहेत. परंतु 'पैसे असते तर प्रवास केला असता' या वाक्यात दोन्हीकडे तेच रूप योजले की ते चूक ठरते. असे का?

उत्तर : रूपसिद्धीत अडचण नाही. नियमित क्रियापदांत मूळ क्रियापद न तोडता त्यालाच ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन हे प्रत्यय लागतात, आणि तिन्ही गणांना (आर, एर, इर असा शेवट असलेल्या क्रियापदांना) ते सारखेच असतात : आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. क्रियापद अखंड राहते, कारण हे रूप मुळात क्रियापद आणि 'आबेर' या सहायकाचे भूतकाळी रूप यांच्या जोडणीतून घडले आहे. प्रथम व तृतीय पुरुषाचे एकवचन सारखेच असल्यामुळे संदिग्धता असेल तेथे 'यो' (मी) किंवा 'एल' (तो) लिहावे. 'कोमीआ' म्हणजे 'खात असे'. मधला 'एर' गळला की अर्थच बदलतो.

आपली खरी अडचण घरच्या भाषांतून आलेली आहे. मराठीत 'असते तर… केला असता' आणि आपल्या शहरातल्या गुजरातीत 'पैसा होत तो हुं जात' अशी दोन्ही उपवाक्यांत एकाच घडणीची रूपे येतात. गुजरातीतले रूप तर लिंगवचनानुसारही बदलत नाही. प्रमाण स्पॅनिशमध्ये मात्र 'सि' म्हणजे 'जर' याच्यानंतर वेगळे रूप लागते : 'सि तुबिएरा दिनेरो, बिआखारीआ'. येथे 'तुबिएरा' हे संकेतार्थाचे रूप नव्हे. 'सि'नंतर संकेतार्थच योजून 'सि तेंद्रीआ' असे स्पेनच्या उत्तर भागातल्या बास्क प्रदेशात व बुर्गोसच्या परिसरात लोक बोलतात, म्हणून त्याला केवळ परकीयांची चूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परीक्षेत मात्र ते टाळावे.

पुरवणी : 'जर'शिवायचे उपयोगही ध्यानात घ्यावेत. 'मे गुस्तारीआ उन काफे' ही नम्र मागणी 'मला कॉफी आवडेल' याच्या जवळची आहे. गतकाळाविषयीचा अंदाज, 'सेरीआन लास दिएस', म्हणजे 'तेव्हा दहा वाजले असावेत'. आपल्याला सर्वांत अवघड जातो तो कथित भविष्यकाळ : मराठीत 'तो म्हणाला की मी पोहोचेन' असे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, तर स्पॅनिशमध्ये 'दिखो के येगारीआ' (तो म्हणाला की तो पोहोचेल) असे पुरुष आणि काळ दोन्ही बदलून सांगावे लागते.