सोसायटीतल्या रॅम्पसाठी मतदान घ्यावं का?

कोथरूडची_आई:
आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. माझ्या १४ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे. आता तो कडेवर मावत नाही. वॉचमन पुढून चाकाची खुर्ची उचलतो, मी मागून मुठी धरते. खुर्ची कलली की मुलगा खुर्चीच्या हातांवर इतकी पकड घट्ट करतो की बोटं पांढरी पडतात. वॉचमन चहाला गेला असेल तर आम्ही पार्किंगमध्ये थांबून राहतो. सभेत रॅम्पचा विषय काढला तर 'मतदान घेऊ' म्हणाले. माझ्या मते घरात जाण्यायेण्याचा प्रश्न बहुमतावर सोडताच कामा नये. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी:
सहानुभूती आहे, पण मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. निम्मे सभासद पेन्शनवर जगतात. छत गळतंय, टाकी दुरुस्तीला आलीय. पैसा सगळ्यांचा असेल तर मतही सगळ्यांचं घ्यायला हवं. शिवाय पार्किंगची जागा जाणार. तळमजल्यावर घर बदलून घेता नाही का येणार?

कोथरूडची_आई:
खाली पार्किंग आहे, तळमजल्यावर घरच नाही. आणि पेन्शनवाल्यांचं म्हणाल तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा त्याच पायऱ्यांवर भिंत धरून चढतात.

नकाशेवाला:
जागेचं गणित सांगतो. चढ १:१२ हवा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. तीन पायऱ्यांची उंची साधारण १८ इंच, म्हणजे १८ फूट लांबी. वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा लागेल ती वेगळी. भिंतीलगत काटकोनात वळवला तर बहुतेक वेळा गाडीची जागा वाचते. लांबी वाचवायला चढ उभा करू नका, तसल्या रॅम्पवरून खुर्ची उलटते. कठडा दोन्ही बाजूंना घ्या.

कलम_वाचक:
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेताना जपून. जुन्या इमारती सुगम (दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा) करण्याचं ४५ वं कलम सार्वजनिक इमारतींबद्दल आहे. खासगी सोसायटी त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो.

रुक्ष_पण_खरं:
वाद होईल, होऊ द्या. राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचे हवेत. सोसायट्यांनी दिशा ओळखावी.

लेकीची_आई:
मीही दिव्यांग मुलीची आई, तरी माझं मत वेगळं आहे. नोटीस पाठवून रॅम्प होईल, पण मुलीला वाढदिवसाला कोण बोलावणार? मी घरोघरी जाऊन बोलले, तिला सोबत नेलं. वेळ लागला, पण रॅम्प झाला आणि ओळखीही झाल्या.

कोथरूडची_आई:
ताई, तुमचं जमलं याचा खरंच आनंद आहे. पण दारोदार विनवण्या करणं प्रत्येक आईच्या वाट्याला का यावं? बाकी कुणाला आपल्याच घरी जायला शेजाऱ्यांची मनं जिंकावी लागत नाहीत. वाढदिवसाची बोलावणी तर रॅम्प नसतानाही येत नाहीत.

हिशेबी:
हे पटलं. तरी खर्चाचा ठराव सभेतच होणार. मात्र रॅम्प 'करायचा की नाही' यावर मत नको, 'कसा आणि कधी' यावर घ्या. नकाशेवाले, अंदाजपत्रक कुणाकडून करून घ्यावं?

नकाशेवाला:
परवानाधारक आर्किटेक्टकडून. आधी पायऱ्यांची उंची टेप लावून मोजा, अंदाजाने नको.