मदत हवी आहे: औषध लावूनही मुलींच्या डोक्यात उवा परत परत होतात

मोरपीस
मुली ६ आणि १० वर्षांच्या, दोघींचे केस दाट. परमेथ्रिन १ टक्का लावलं की आठवडाभर डोकं शांत, मग पुन्हा खाजवणं सुरू. चादरी, अभ्रे दर वेळी धुवून होतात. उवा शाळेतून येतात की औषधाला दाद देत नाहीत, हे ओळखायचं कसं? आणि फणीने नीट काढायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

अक्षता_७
ऊ केवढी दिसते आणि कधी दिसते, यावरून कळतं. औषध लावल्यावर ८ ते १२ तासांनी विंचरून बघा. पूर्वीसारख्याच चपळ उवा पळत असतील तर औषध लागू पडत नाहीये. तेच पुन्हा लावत बसू नका, वेगळ्या प्रकारचं घ्या. एखाददुसरी मलूल सरपटताना दिसली तर काळजी नको, फणीने काढून टाका. ८-१० दिवसांनी नुसती बारीक पिल्लं सापडली तर ती वाचलेल्या लिखांमधली. आणि फणीत काही येत नाही अशी खात्री झाल्यावर अचानक तिळाएवढी पूर्ण वाढलेली ऊ आली तर ती बहुतेक बाहेरची, कारण पिल्लाला तेवढं व्हायला ९ ते १२ दिवस लागतात.

तुमच्याकडे दुसरा हात राहत असावा. परमेथ्रिनने उवा मरतात, लिखा बऱ्याच वाचतात. लीख ७ ते १० दिवसांत फुटते, म्हणून पहिल्यानंतर ९ दिवसांनी पुन्हा लावायचं, डोकं खाजत नसलं तरी. नेमका इथेच कंटाळा होतो.

लावण्यातही चुका होतात. आधी साध्या शाम्पूने केस धुवा, कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर राहिला की औषध केसाला धरत नाही. टॉवेलने नीट टिपा, निथळत्या केसांत औषध पातळ होतं. कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या मुळाशी जास्त लक्ष द्या. १० मिनिटं घड्याळ लावून, मग बेसिनवर डोकं वाकवून धुवा, म्हणजे ते अंगावर ओघळत नाही. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको. अर्धा तास ठेवलं म्हणून लिखा जास्त मरत नाहीत, उगाच त्वचा चुरचुरते.

बारीक_दात
फणीबद्दल. दातांमधलं अंतर ०.३ मि.मी.पेक्षा कमी हवं, शक्यतो लांब दातांची धातूची. प्लॅस्टिकचे दात दाट केसांत फाकतात आणि ऊ मधून निसटते.

ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडा. त्याने उवा मरत नाहीत, पण त्यांना पळता येत नाही आणि फणी सरकते. आधी मोठ्या कंगव्याने सगळा गुंता सोडवा. मग बोटभर जाडीची एकेक बट घ्या, फणी त्वचेला टेकवून मुळापासून टोकापर्यंत ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या टिश्यूवर पुसा. पुसल्याशिवाय पुढची ओढ नाही, नाहीतर काढलेली ऊ परत केसांत जाते. झालेली बट चिमट्याने बाजूला बांधा. पूर्ण डोकं दोनदा. दाट केसांना अर्धा तास सहज जातो.

नुसत्या फणीवर भिस्त ठेवायची तर १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी हे करा, १७ व्या दिवशी तपासणी. एकही दिवस गाळू नका. लिखा मोजत बसण्यात अर्थ नाही. मुळापासून सेंटीमीटरभर लांब गेलेली लीख बहुधा रिकामी किंवा मेलेली असते. केस महिन्याला साधारण तेवढेच वाढतात आणि ऊ लीख घालते ती मुळाजवळ.

मोरपीस
घरातल्या बाकीच्यांनीही औषध लावायचं का? आणि रॉकेलचा सल्ला मिळालाय.

अक्षता_७
रॉकेल नाही म्हणजे नाही. त्वचा भाजते, पेट घेतं, पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. शेतीची, झुरळांची औषधंही तशीच.

सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. जिवंत ऊ सापडेल त्यांना आणि त्या मुलींशेजारी झोपणाऱ्यांना औषध, बाकीच्यांना नको. धुण्याचं फार मनावर घेऊ नका. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या चादरी, टोप्या, टॉवेल ५५ अंशांच्या वर धुतले की पुरे. फणी-कंगवे तेवढ्याच गरम पाण्यात १० मिनिटं. लागण मुख्यतः डोक्याला डोकं लागून होते, त्यामुळे शाळेत जाताना केस घट्ट वेणीत बांधा.

बारीक_दात
परमेथ्रिन खरंच लागू पडत नसेल तर ४ टक्के डायमेथिकोन लोशन विचारा. ते विषारी घटकाने नव्हे, ऊभोवती थर बसवून मारतं, त्यामुळे औषधाला सरावलेल्या उवांवरही चालतं. कोरड्या केसांना मुळापासून लावायचं, ८ तास ठेवायचं, ७ दिवसांनी पुन्हा. लोशन केसांत असताना हेअर ड्रायर, गॅस, उदबत्ती यांपासून लांब. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, १५ किलोखालच्या मुलांना तर नकोतच.

आणि उवा गेल्यावरही खाज आठवडा-दोन आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून तिसऱ्यांदा औषध लावू नका, आधी फणीने जिवंत ऊ सापडते का ते बघा. खाजवून पू किंवा खपल्या धरल्या असतील, मानेत गाठी किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा.