मदत हवी आहे: सोलापूरहून सिंधुदुर्ग किनारा, चार रात्री, बरोबर सत्तरीचे आईवडील

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या गाडीनं निघायचं आहे. विजयदुर्ग, कुणकेश्वर, सिंधुदुर्ग किल्ला, वेंगुर्ला, रेडी. चारही रात्री मालवणात राहून रोज फिरून यावं का? घाट कोणता धरावा? आईचे गुडघे दुखतात, किल्ले झेपतील का?

खाडीकाठ:
एकच मुक्काम नको. नकाशावर गावं जवळ दिसतात, पण मध्ये खाड्या आहेत. देवबागच्या टोकावरून समोर भोगवे दिसतं, होडीनं लगेच पोचता. गाडीला मात्र कर्ली खाडीच्या पुलापर्यंत आत जाऊन वळसा पडतो. त्यामुळे उत्तरेकडून खाली सरकत जा: पहिली रात्र देवगड, पुढच्या दोन मालवण, चौथी वेंगुर्ला. परत माघारी यायचंच नाही, आंबोलीनं वर चढायचं.

जाताना मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. कुठला चालू आहे ते गगनबावड्यातच विचारा आणि उजेडात उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका, तापून पकड सुटते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घाटाच्या अर्धा तास आधी द्या, घाटात देऊन उपयोग नाही.

बाळीवेस:
गुडघ्यांसाठी विजयदुर्ग सोपा, गाडी थेट किल्ल्याजवळ जाते. तिहेरी तटबंदी सगळी चढायची गरज नाही.

सिंधुदुर्गाला होडी लागते, खरी अडचण चढण्या-उतरण्याची. ओहोटीला खडक उघडे पडतात, शेवाळावर पाय घसरतो. म्हणून भरतीची वेळ काढून जा. आपल्या सोलापूरचं दाते पंचांग घरात असेलच. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, साधारण तेवढे वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर साडेचार, ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचं. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी सहाच्या सुमारास, तेव्हा पहिल्याच होडीनं जा. होडी किती वेळ थांबते ते बसतानाच विचारा.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या वळणात लपवलाय. बांधकामाचा प्रारंभ २५ नोव्हेंबर १६६४ चा. दरवाजाजवळच्या तटावर घुमट्यांमध्ये महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, पण पायऱ्या अरुंद. आईंना शिवराजेश्वर मंदिरापर्यंत न्या, तेवढं पुरे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी जरूर दाखवा. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं.

धागाकर्ता:
पंचांगाची युक्ती माहीत नव्हती, आभार. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाच दिवस टिकेल का? आणि देवबागला पोहता येईल?

खाडीकाठ:
भाकरी दमट हवेत दुसऱ्याच दिवशी सादळते. हवाबंद डब्यात, रोज लागेल तेवढी वेगळी बांधा. चटणीत ओला चमचा घालू नका.

देवबागच्या संगमावर पोहू नका. ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं, गुडघाभर पाण्यातही पाय सुटतात. भिजायचं तर तारकर्लीला, तेही स्थानिकांना विचारून.

शेवटच्या दिवशी पहाटे वेंगुर्ला सोडा. सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला महामार्ग लागतो. रेडीचा गणपती आदल्या दिवशीच उरका, नाहीतर सोलापूरला पोचायला मध्यरात्र होईल.