शिक्षा भोगून झाली. नोंदीतील दोषसिद्धी पुसता येते का?

कृष्णाकाठ (प्रश्न):

सर्व जाणकारांना नमस्कार. मे २००९ च्या अखेरीस, माझा बारावीचा निकाल लागायचा होता त्या दिवसांत, बांधावरून आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचे आणि चुलत चुलत्यांचे भांडण झाले. वडिलांच्या हातात काठी होती, माझ्या हाती गोठ्यातला कोयता लागला आणि काकांच्या मनगटावर वार बसून हाड तुटले. वडिलांवर आणि माझ्यावर भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) सह ३४ (समान इरादा) प्रमाणे गुन्हा दाखल झाला. २०१२ मध्ये अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी कलम ३०७ मधून आम्हाला सोडले, परंतु कलम ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली प्रत्येकी तीन वर्षे सक्तमजुरी आणि पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. "तुम्ही अपील केले आणि वर शिक्षा वाढली तर काय कराल?" असे आमच्या तेव्हाच्या वकिलांनी सांगितल्यामुळे आम्ही अपील केले नाही. कच्च्या कैदेचे दिवस आणि सूट वजा जाता मी २०१४ च्या दिवाळीआधी सुटलो. वडील आता हयात नाहीत.

काकांशी आता काहीही वैर उरलेले नाही. २०१९ च्या महापुरात त्यांचे सगळे घर अकरा दिवस आमच्या माळावरच्या घरी राहायला होते, आणि त्यांनी आपणहून सांगितले की कुठे सही हवी असेल तर ते द्यायला तयार आहेत.

मी वेल्डिंगचे काम करतो. मस्कतला जाण्याची एक चांगली संधी आली आहे, मात्र त्यासाठी पासपोर्ट आणि पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र लागते. अर्जात "आपणास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?" या ओळीशी आलो की माझा हात थांबतो. तालुक्यातील एक एजंट साठ हजार रुपयांत "कॉम्प्युटरमधून नाव काढून देतो" असे म्हणतो. कायदेशीर मार्गाने ही नोंद पुसता येते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

माळरान:

माझ्या माहितीप्रमाणे शिक्षा पूर्ण होऊन सात वर्षे झाली आणि नवा गुन्हा घडला नाही, तर नोंद आपोआप निरस्त होते. माझ्या मेहुण्यांना असेच सांगण्यात आले होते. त्यामुळे आपण चिंता करू नये.

सनद_१९९८:

वरील माहिती चुकीची आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यापायी लोक अर्जात बेधडक "नाही" लिहून मोकळे होतात. इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे, ज्यानुसार ठरावीक शिक्षा ठरावीक काळानंतर "संपलेली" मानली जाते. आपल्याकडे सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत असा सर्वसाधारण कायदा नाही. सात वर्षे झाली, वीस झाली, तरी दोषसिद्धी ही दोषसिद्धीच राहते. ती जाते ती वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला तरच, किंवा राज्यपालांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खाली पूर्ण क्षमा दिली तर. शिक्षेत नुसती सूट मिळाल्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. पूर्ण क्षमेची वाट कागदावर आहे, परंतु शिक्षा भोगून घरी आलेल्या माणसाला ती मिळाल्याचे माझ्या व्यवसायात मी तरी पाहिलेले नाही.

एजंटाच्या वाटेला अजिबात जाऊ नका. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता एकमेकांशी जोडलेल्या आहेत, आणि न्यायालयाची नोंद तर पोलिसांच्या हातातच नसते. साठ हजार जातील आणि बनावट कागद वापरल्याचा नवा गुन्हा अंगावर येईल.

आपल्या तेव्हाच्या वकिलांचे म्हणणेही मला पटत नाही. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते. अपिलाची मुदत साठ दिवसांची होती. ती उलटून बारा-तेरा वर्षे झाली असली तरी मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. "वकिलांनी चुकीचा सल्ला दिला" एवढ्या एका वाक्यावर असा अर्ज सहसा टिकत नाही. मधल्या काळातील तुरुंगवास, वडिलांचे आजारपण आणि आर्थिक स्थिती हे सर्व तारखांसह मांडावे लागेल. शिक्षा भोगून झाली म्हणून अपील निरर्थक ठरत नाही, कारण दोषसिद्धीचा डाग हाच अपिलाचा विषय असतो.

आता काकांच्या सहीविषयी. कलम ३२६ आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, म्हणून नुसत्या तडजोडनाम्याने काम होणार नाही. कलम ३२५ (घातक हत्याराविना गंभीर दुखापत) मात्र न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येते, आणि एकदा मिटवले की त्याचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटल्यासारखाच होतो. त्यामुळे अपिलात गुन्हा ३२६ वरून ३२५ वर आणता आला तर काकांची सही खरोखर कामाला येईल. परंतु आपल्या प्रकरणात कोयता आहे, आणि ३२६ व ३२५ यांतला फरकच मुळी हत्याराचा आहे, त्यामुळे हे सोपे नाही. दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या रामगोपाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाचा आहे. त्यातही कलम ३२६ च होते, आणि वाद मूलतः खासगी स्वरूपाचा असेल व पक्षकारांत मनापासून समेट झाला असेल, तर दोषसिद्धीनंतरही उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात कार्यवाही रद्द करू शकते, असे त्यात म्हटले आहे. हा अधिकार जपून वापरायचा असतो, तरीही महापुरात एका छपराखाली राहिलेले चुलते-पुतणे हे उदाहरण मला तरी मांडण्याजोगे वाटते.

पासपोर्टची अडचण आपण समजता तेवढी मोठी नाही. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(ई) मधील अडसर अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतील दोषसिद्धीपुरता आहे, आणि तीही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झालेली असेल तरच लागू होते. आपली दोषसिद्धी २०१२ ची आहे. अर्जात खरी माहिती द्या. माहिती दडवणे हा स्वतंत्र दोष ठरतो. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणातही, विषय सरकारी नोकरीचा असला तरी, खरी माहिती देणे उमेदवारावर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. चारित्र्य प्रमाणपत्राचे मात्र तसे नाही. निकाल उभा आहे तोवर त्यात तो दिसणारच.

निवृत्त_शिरस्तेदार:

सनद यांनी कायदा नीट सांगितला आहे, परंतु प्रश्नातील एका वाक्यापाशी मी अडखळलो. "बारावीचा निकाल लागायचा होता" असे आपण लिहिले आहे. बारावी दिलेला मुलगा सतरा ते अठरा वर्षांचा असतो. आपली जन्मतारीख काय, आणि घटना नेमकी कोणत्या दिवशी घडली? अटकेच्या कागदावर आपले वय किती लिहिले होते आणि ते कोणी सांगितले, हेही आठवून पाहा. अनेक वर्षे न्यायालयात कागद हाताळताना अंदाजाने टाकलेले वय फिर्यादीपासून निकालपत्रापर्यंत तसेच उतरत गेलेले मी पाहिले आहे.

कृष्णाकाठ:

हे वाचून काल रात्री पत्र्याची पेटी उघडली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९९१ आहे. गावातील आमच्या वयाच्या निम्म्या मुलांची हीच तारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सर्वांना सरसकट १ जून लावून टाकली होती. आई म्हणते की मी बेंदराच्या आसपासचा, म्हणजे त्याहूनही थोडा उशिराचा आहे. निकालपत्राच्या जुन्या झेरॉक्सवर घटनेची तारीख २८ मे २००९ आहे आणि माझे वय "१९ वर्षे, धंदा शेती" असे छापले आहे. मला वय कोणी विचारल्याचे आठवत नाही. वडिलांनी हवालदाराला काहीतरी सांगितले असावे. अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते, हे मी आज बोटांवर मोजून चार वेळा पडताळले.

सनद_१९९८:

शिरस्तेदारसाहेबांना नमस्कार, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती, आणि आता माझ्या आधीच्या उत्तराचा क्रम बदलावा लागेल.

घटनेच्या वेळी बाल न्याय कायदा, २००० लागू होता, आणि त्यात वयाची मर्यादा मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांची होती. सोळा वर्षांवरील मुलाला गंभीर गुन्ह्यात सज्ञान म्हणून चालवण्याची तरतूद २०१५ च्या कायद्याने आणली. ती तेव्हा नव्हती. २००० च्या कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे अज्ञानत्वाचा (घटनेच्या वेळी अठरा वर्षांखालील असल्याचा) मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यानंतरही मांडता येतो. २०१५ च्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. २०१२ च्या अबुझर हुसेन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा मुद्दा प्रथमच वर मांडला तरी चालतो, परंतु चौकशी सुरू होण्याइतका प्रथमदर्शनी पुरावा हवा. दहावीचे प्रमाणपत्र हा त्यातील पहिल्या क्रमांकाचा पुरावा आहे. गुरुजींनी लावलेली १ जून हीच तारीख येथे आपल्या बाजूने उभी आहे. आईच्या आठवणीचा फार आधार घेऊ नका, कारण नुसत्या नातेवाइकांच्या शपथपत्राला तेवढे वजन दिले जात नाही. समोरची बाजू ही तारीख अंदाजे असल्याचे नक्कीच म्हणेल. म्हणून पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि ग्रामपंचायतीत जन्मनोंद असल्यास तीही मिळवा. त्या नोंदीतील जन्मतारीख २८ मे १९९१ किंवा त्याआधीची निघाली तर अडचण होईल, हे आधीच समजून असा.

एका बाबतीत अपेक्षा आवरती ठेवा. अज्ञानत्व सिद्ध झाले तरी अनेक प्रकरणांत न्यायालयांनी दोषी असल्याचा निष्कर्ष कायम ठेवून फक्त शिक्षा रद्द केली आहे. आपण तर शिक्षा भोगून बसला आहात. तरीही फरक मोठा आहे, कारण २००० च्या त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही आणि नोंदी काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागतो. सज्ञान माणसाला जे मिळत नाही, ते येथे कायद्यानेच दिलेले आहे. मात्र ते आपोआप घडणार नाही. या तरतुदीचा लाभ मिळावा आणि नोंद काढावी, असे अर्जाच्या मागण्यांत स्वतंत्रपणे लिहून घ्या, नाहीतर आदेश हाती येऊनही पोलीस ठाण्यातील नोंद तशीच राहील.

आपण कृष्णाकाठचे म्हणजे सातारा किंवा सांगलीचे असावेत. दोन्ही जिल्ह्यांची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. विलंब माफी, अपील आणि अज्ञानत्वाचा अर्ज एकत्र दाखल करावा. काकांचे संमतीचे शपथपत्र जोडावे, परंतु दुसरा आधार म्हणून.

निवृत्त_शिरस्तेदार:

वकील गाठण्याआधी एक काम करा. सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात निकालपत्र, दोषारोप आणि अटक पंचनामा यांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज द्या, आणि खटला क्रमांक व निकालाची तारीख अचूक लिहा. निकालपत्र दीर्घकाळ जपले जाते, पण बाकीचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट होतात, आणि "१९ वर्षे" हा आकडा कोणी, कशावरून लिहिला याचे उत्तर त्या बाकीच्या कागदांतच असेल. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास विधी सेवा समितीकडेही अर्ज करता येईल.

कृष्णाकाठ:

सोमवारी नकलेचा अर्ज देतो. शाळेतील उतारा आणायला काका माझ्यासोबत येणार आहेत, कारण तेव्हा माझे नाव शाळेत घालायला तेच घेऊन गेले होते.