नाताळ: आईचा खोका उघडलाय, छोट्या घरात यातलं काय काय लावू?

बावखलकाठ:
यंदा आईशिवायचा पहिला नाताळ. वसईच्या घरातून तिचा नाताळचा खोका मी बोरिवलीला घेऊन आले, काल रात्री उघडला आणि बराच वेळ नुसती बघत बसले. येशूजन्माचा देखावा मांडतो त्या गोठ्याच्या पीओपीच्या मूर्ती आहेत, एका मेंढराचा कान गेलाय, उंटाचा पाय तुटलाय. काचेचे दहाबारा गोळे, निम्म्यांची चांदी उडालेली. लाइटची जुनी माळ. कुवेतवरून मामा पाठवायचा ती ग्रीटिंग्ज. आणि आजीच्या लाल लुगड्याचा तुकडा, आई दरवर्षी गोठ्याखाली तोच अंथरायची. आमचं वन बीएचके, मुलांना मॉलमधलं मोठं झाड हवंय. सगळं मांडायला जागा नाही आणि खोका परत बंद करायला हात होत नाही. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

नंदाखालकर:
ताई, आधी ती माळ प्लगला लावू नका. जुन्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, शॉक बसेल. मूर्तींना पाणी अजिबात नको, पीओपी पाणी पितं आणि रंगाचे पोपडे निघतात, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. उंटाचा पाय फेविकॉलने चिकटवा, रात्रभर दोरा बांधून ठेवा, पण वरून रंग देऊ नका प्लीज, मी बाबांच्या मेंढपाळाला नवा रंग दिला आणि तो आमचा वाटेनासाच झाला, अजून वाईट वाटतं.
जागेचं म्हणाल तर असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेचिओला गोठा मांडला तेव्हा तिथे गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढंच होतं. लुगडं आणि गोठा ठेवा, पुरे आहे. बाळ येशू २४ च्या रात्री चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर ठेवायचा, तोवर गव्हाण रिकामी. बाळाच्या भेटीला येणारे तीन राजे स्वयंपाकघरातून निघू देत, मुलांनी रोज थोडे पुढे सरकवायचे, ६ जानेवारीला गोठ्याशी पोचतात. आमच्याकडे मुलं झाड विसरली यात.

बार्देशची माय:
गवत विकतचं आणू नकोस गो. पसरट ताटात बोटभर माती, त्यावर नाचणी दाट पेर, रोज पाणी शिंपड, ओतू नको. दहाबारा दिवसांत मऊ हिरवं गवत येतं. गोव्यात आमच्या घरी गोठ्याला हेच असायचं, पेरायचं काम नेहमी घरातल्या सगळ्यात लहानाचं. गोळे टांगू नकोस, जुन्या काचेची मान नाजूक असते, सगळे एका काचेच्या वाडग्यात ठेव आणि वाडगा खिडकीत. ऊन पडलं की उडालेली चांदीसुद्धा छान दिसते.

नगरचा:
आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या घरी गोठा नसायचा. बांबूच्या काड्यांची कागदी चांदणी दारावर आणि टेबलावर आईचं गीतांचं पुस्तक, एवढीच सजावट. त्यात ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांशेजारी तिने पेन्सिलीने खुणा केल्यात, कुठे श्वास घ्यायचा, कुठे बायकांनी उचलायचं. आता दर नाताळात ते पान मी उघडं ठेवतो, येणारा प्रत्येकजण वाचतो आणि मग आईबद्दल बोलणं निघतं. म्हणून सांगतो, मामाचं एखादं ग्रीटिंग अक्षर दिसेल असं उघडं ठेवा. बाकीची खोक्यात राहू देत, पुढच्या वर्षी दुसरं काढा. सगळं एकदम मांडलं की एकेका वस्तूकडे बघणं होत नाही.

बावखलकाठ:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. झाड नाही आणलं. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर लुगडं अंथरलंय, आधी धुणार होते पण तिच्या कपाटाचा वास येतोय अजून त्याला, नाही धुतलं. उंट उभा राहिला. राजे सध्या मिसळणाच्या डब्याशेजारी आहेत, धाकटा शाळेतून आल्या आल्या आधी तिकडे जातो. मामाचं १९८९ चं ग्रीटिंग निघालं, त्यात आईला लिहिलंय, पुढच्या नाताळाला नक्की येतो. मोठीने वाचलं आणि विचारलं, मग आला का मामा? आला होता, तेव्हाची सगळी गोष्ट सांगितली तिला, झोपायला बारा वाजले.
बार्देशची माय, नाचणी पेरून दोन दिवस झाले, एकही कोंब नाही. पाणी जास्त झालं का गं?

बार्देशची माय:
नाही गो. ओलं फडकं झाक वरून आणि ताट थंडीत ठेवू नकोस. एकदोन दिवस थांब, पांढरं पांढरं दिसलं की फडकं काढ आणि उजेडात ठेव.