वाकडचा फ्लॅट 'स्मार्ट' केला तर भाडेकरू खरंच लवकर मिळतो का?

सातारकरीण

नमस्कार मंडळी. वाकडला आमचा दोन बीएचके आहे. सहावा मजला, पूर्वेची गॅलरी, मॉड्युलर किचन, सगळं व्यवस्थित. आधीचं जोडपं दिवाळीत स्वतःच्या घरात राहायला गेलं आणि तेव्हापासून घर रिकामं. मेंटेनन्स मात्र वेळेवर भरतेय. मी राहते साताऱ्यात, मुलगा बंगळुरात. कोणी घर बघायला आलं की किल्ली शेजारच्या वहिनींकडे. त्या बिचाऱ्या नोकरी करतात, त्यामुळे 'संध्याकाळी सातनंतर या' असं सांगावं लागतं. निम्मे लोक पुन्हा फिरकतच नाहीत.

आता आमच्या एजंटसाहेबांनी नवीन टूम काढली आहे. म्हणे, 'मॅडम, हिंजवडीच्या पोरांना आता स्मार्ट फ्लॅट लागतो. करून घ्या, तीन हजार भाडं जास्त मिळवून देतो.' ओळखीच्या माणसाचं कोटेशनही पाठवलं: ८५ हजार. त्यात बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप, प्रत्येक खोलीत टच पॅनेल, बोलून चालणारे दिवे, हॉलला मोटरचा पडदा, बेलचा कॅमेरा आणि हॉलमध्ये आणखी एक कॅमेरा ('तुम्हाला साताऱ्यात बसून घर दिसेल').

मी गणिताची शिक्षिका होते, त्यामुळे हिशोब लगेच झाला. तीन हजारांनी ८५ हजार वसूल व्हायला २८ महिने, ११ महिन्यांचा करार धरला तर अडीच भाडेकरू. कुलूप मला पटतंय, पडदा अजिबात नाही. हॉलमधल्या कॅमेऱ्याबद्दल मन होतंय, कारण मागच्या वेळी भिंतीला कुणी काय ठोकलं ते घर सोडल्यावरच कळलं.

ज्यांनी असं काही केलंय किंवा अशा घरात राहिलेत, त्यांनी सांगावं. कंपन्यांची माहितीपत्रकं कृपया नकोत, ती एजंटाने भरपूर पाठवली आहेत.

---

बाणेर_ते_फेज३

काकू, मी तुमच्या एजंटसाहेबांच्या भाषेतली 'हिंजवडीची पोर'. गेल्या वर्षी मैत्रिणीबरोबर घर शोधत वाकड, बालेवाडी, पुनावळे सगळं पालथं घातलं. खरं सांगू? आम्ही आधी काय विचारायचो: पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं, उन्हाळ्यात काय होतं, फायबर कुठल्या कुठल्या कंपन्यांचं येतं, बॅचलर मुली चालतात का, आणि रात्री अकरानंतर वॉचमन प्रश्न विचारतो का. पडदा मोटरने सरकतो का हे एकीनेही विचारलं नाही.

कॅमेरा मात्र डोक्यातून पूर्ण काढून टाका. हॉलमध्ये कॅमेरा दिसला की मी चपला न काढता परत फिरेन. तुम्ही चांगल्या मनाने म्हणताय हे कळतं, पण हॉल ही आमची राहायची जागा. तिथे आम्ही केस पुसत फिरतो, भांडतो, रडतो.

आणि कुलपाचंही ऐका. बालेवाडीत एका घरात आम्ही राहिलो, तिथे असंच ठशाचं कुलूप होतं. ॲप मालकांच्या फोनवर. दार कोणी किती वाजता उघडलं ते सगळं त्यांना दिसायचं. एकदा ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, मी पहाटे तीनला घरी आले. सकाळी मेसेज: 'काल फार उशीर झाला का बेटा?' माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर दाराला हात लावला की रोज तो मेसेज आठवायचा. करार संपायची वाट बघितली आणि निघालो. तीन हजार जास्त सोडाच, त्या घराला आम्ही फुकटही हो म्हटलं नसतं.

तुम्ही मात्र जाहिरातीत लिहा, 'कुलपाचा ताबा पूर्णपणे भाडेकरूकडे'. हे वाचून मी पहिला फोन तुम्हाला करेन.

---

वायरमन_चिंचवड

ताई, मी पिंपरी-चिंचवडात वायरिंगची कामं घेतो. कोटेशन न बघताच सांगतो, निम्मे पैसे टच पॅनेलचे असणार. ती लावू नका. साधं मॉड्युलर स्विच बिघडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून पाच मिनिटांत बदलता येतं. ते काचेचं पॅनेल गेलं की त्याच कंपनीचं, त्याच मापाचं हवं, आणि तोवर कंपनीने मॉडेल बंद केलेलं असतं. भाडेकरू अंधारात आणि फोन साताऱ्याला.

एवढी हौस असेल तर आहे त्याच बोर्डाच्या मागे बसणारी छोटी मॉड्यूल मिळतात. वरचं बटण नेहमीसारखं चालतं आणि फोनवरूनही चालतं. फक्त बोर्डात न्यूट्रलची वायर आहे का ते आधी बघून घ्यायचं. ज्या बोर्डावर पाच पिनचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. बेडजवळच्या नुसत्या दोन बटणांच्या बोर्डात बहुतेकदा नसतो. तिथे कोणी 'जमवून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता ज्याचा खरा उपयोग होतो ते. पहिला गिझर. तुमच्याकडे सोलरचं पाणी असेल तर ते सकाळी ठरावीक वेळ येतं, रात्री नाही. शिफ्टवाली मुलं रात्री गिझर लावतात आणि विसरून झोपतात. दोन किलोवॅटच्या गिझरला टायमर असलेलं १६ अँपिअरचं स्मार्ट सॉकेट लावा. १० अँपिअरचं स्वस्तातलं नको. दोन किलोवॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, रोज तेवढा लोड घेऊन ते प्लॅस्टिक पिवळं पडून वितळलेलं मी हाताने काढलंय. आणि बाथरूमच्या आत लावू नका, बाहेरच्या बाजूला.

दुसरं, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३०. तीन पंखे रोज दहा तास धरले तर महिन्याला चाळीस युनिट वाचतात. ताई गणिताच्या आहेत, करून बघतील. बिल भाडेकरू भरतो, त्यामुळे त्याला ते लगेच दिसतं. रिमोट असतो, इंटरनेट लागत नाही. जुना रेग्युलेटर मात्र मधून काढून टाकायचा, नाहीतर पंखा गुरगुरतो आणि आतलं सर्किट जातं.

कुलूप चांगलं. सेलवर चालतं, त्यामुळे गुरुवारी लाइट गेली तरी दार उघडतं. सेल उतरायला आले की आधीच बीप बीप करतं, आणि अगदीच संपले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा यूएसबीच्या वायरने उघडता येतं. साधी किल्लीही असतेच. ती दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं.

गंमत सांगतो. एका घरात सगळ्यांचे ठसे चढवले, फक्त स्वयंपाकाच्या मावशींचा काही केल्या चढेना. आयुष्यभर भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली. दहाही बोटं लावून बघितली. शेवटी त्यांना चार आकडी पिन दिला, सकाळी सात ते नऊपुरताच चालणारा. त्या खूश. म्हणाल्या, 'आता मॅडमना झोपेतून उठवायला नको.' घरमालक लोक पडद्यावर पैसे घालतात, नोकरी करणाऱ्यांना मावशींचा पिन जास्त आवडतो.

---

पर्वरीकर

मी गोव्यात पर्वरीला एक फ्लॅट पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी देतो. आमच्याकडे हे कुलूप सहा महिन्यांत फिटलं. पाहुणे मोपा विमानतळावर रात्री दीडला उतरतात, तेव्हा किल्ली घेऊन कोण उभं राहणार? पिन पाठवतो, चेकआउटला तो आपोआप मरतो. एसी चालू ठेवून गॅलरी उघडी टाकणाऱ्यांसाठी दाराला सेन्सर लावलाय, दार उघडलं की एसी बंद. त्यावरून शिव्याही खाल्ल्यात. खाऱ्या हवेने बाहेरचे काँटॅक्ट हिरवे पडतात, ते पावसाळ्याआधी पुसावे लागतात.

पण तुमचं वर्षभराचं भाडं आहे, त्याला माझं गणित लावू नका. माझ्याकडे दर आठवड्याला नवा माणूस येतो, तुमच्याकडे वर्षाला एक.

---

सोसायटीचा_सचिव

मी आमच्या सोसायटीत भाडेकरारांचे कागद बघतो, म्हणून कायद्याच्या बाजूचं तेवढं लिहितो.

करार नोंदणीकृत करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायची वेळ मालकावर येते. त्यामुळे कुलूप, पंखे, राउटर जे काही बसवाल ते मॉडेलसकट करारात लिहा. सेल कोणी बदलायचे, बिघाड झाला तर खर्च कोणाचा, हेही. मागच्या महिन्यात आमच्याकडे दोघं चार पेन्सिल सेलांवरून ऑफिसात येऊन भांडले.

घरात कॅमेरा: वर लिहिलंय त्यात एवढंच जोडतो की स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. 'भिंतीवर लक्ष ठेवत होते' हे पोलिस चौकीत सांगत बसावं लागू नये. बेलचा कॅमेरा चालेल, पण त्यात समोरच्यांचं दार दिसत असेल तर त्यांना आणि कमिटीला विचारून. भिंतीच्या खिळ्यांसाठी डिपॉझिट असतं आणि घर देताना काढलेले फोटो असतात.

आणखी एक, कारण हा मोह मी लोकांना होताना बघितलाय. भाडं थकलं म्हणून फोनवरून पिन बदलून माणसाला बाहेर काढायचं नाही. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट रकमेची तरतूद आहे. रस्ता तो. सामान आत आणि माणूस बाहेर असं केलंत तर तक्रार तुमच्यावर होईल.

खर्च दाखवून आयकर वाचवायचा विचार असेल तर तोही सोडा. घरभाड्याच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही ८५ हजार घाला नाहीतर आठशे.

---

निवांत_कोथरूड

अवांतर: आमच्या घरमालकांनी बोलून चालणारे दिवे बसवले. सासूबाई 'अहो, हॉलचा दिवा लावा' म्हणाल्या की सासरेबुवा उठतात. यंत्राला अजून संधी मिळालेली नाही.

---

सातारकरीण

सगळ्यांचे आभार. पडदा, पॅनेल, बोलके दिवे आणि हॉलचा कॅमेरा, चौघांनाही निरोप. एजंटसाहेबांना कळवलं, तर म्हणाले, 'मग स्मार्ट कसं लिहू?' मी म्हटलं, लिहूच नका. लिहा की पाणी कॉर्पोरेशनचं आहे, फायबर दोन कंपन्यांचं येतं, मुलींना घर देतो आणि कुलूप तुमच्या ताब्यात.

तीन पंखे, गिझरचं सॉकेट आणि कुलूप एवढं करते. पंखे धरून माझ्या अंदाजाने २५ ते ३० हजारांत बसेल. चाळीस युनिटचं गणित बरोबर आहे, पण मुलं घरी असतात तेवढेच तास धरा, शनिवार-रविवार वेगळे.

बाणेरच्या मुली, तुझा मुद्दा मनात राहिला. पण माझीही अडचण बघ. घर रिकामं असताना बघायला येणाऱ्यांना मला साताऱ्याहून दार उघडून द्यायचंय, आणि भाडेकरू आल्यावर माझ्या फोनवर काही दिसायला नको. दोन्ही एकाच कुलपात जमतं का? आणि वायरमनदादा, आमच्या बिल्डरने दार फार जाड दिलेलं नाही, बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअरही आहे. मग कुलूप कुठल्या दाराला?

---

बाणेर_ते_फेज३

जमतं काकू. रिकामं असताना तुमच्या नंबरवर ठेवा आणि बघायला येणाऱ्याला तासाभराचा पिन द्या. काही कुलपांत तो वायफाय नसतानाही चालतो, विकत घेताना तेवढं विचारा, नाहीतर रिकाम्या घरात राउटरचं बिल भरत बसाल. करार झाला की किल्ली देताना त्यांच्यासमोर कुलूप रीसेट करा आणि त्यांच्या फोनवर नव्याने जोडू द्या. जुने सगळे ठसे, पिन त्यात उडतात. तुमच्याकडे फक्त साधी किल्ली, अडीनडीला. जाताना ते परत रीसेट करून देतील, हे करारात घाला.

आणि घर अजून रिकामं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी एक टीममेट एप्रिलपासून शोधतेय.

---

वायरमन_चिंचवड

ताई, कुलूप आतल्या लाकडी दाराला. जाळीच्या दाराला त्याची साधी कडी राहू द्या, पण रिकामं असताना ती बाहेरून लावायची नाही, नाहीतर पिन असूनही माणूस बाहेरच. जाडी मोजताना दार उघडून कडेला पट्टी लावा, वरच्या लॅमिनेटसकट. ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर खाच पाडून बसणारं कुलूप टाळा, दार चिरतं. आतल्या बाजूने वरून बसणारं मिळतं, ते घेऊ. कडेचा आणि जुन्या कुलपाचा असे दोन फोटो टाका, आणि दार उजवीकडे उघडतं की डावीकडे तेही लिहा.